अक्का, तुमच्या कागदावर एक ओळ कमी होती

अक्का, परवा तुमच्या शोकसभेतून मी मध्येच उठून बाहेर आले. तुम्हाला हे आवडलं नसतं, ठाऊक आहे. पण हॉलमध्ये तुमचा हार घातलेला फोटो, शेजारी माईक, आणि एकामागून एक माणसं उठून सांगत होती की वैद्य महादेवी म्हणजे आधुनिक उपचार आणि आयुर्वेद यांचा सुरेख संगम. आमच्या हॉस्पिटलच्या ट्रस्टचे एक साहेब तर म्हणाले, "स्वतःच्या आजारातही त्यांनी दोन्ही शास्त्रांना सोबत घेतलं आणि शेवटपर्यंत हसतमुख राहिल्या." मला तिथंच ओरडावंसं वाटलं. कसला संगम? तुमच्या आजारात दोन शास्त्रांची गाठच पडली नाही, आणि ती पडू नये याची काळजी तुम्हीच घेतली. आणि हसतमुख कधी होता तुम्ही? शेवटचे पंधरा दिवस तुम्ही माझ्याशी भांडत होता. मी तुमच्याशी भांडत होते. ते भांडण अर्ध्यात टाकून तुम्ही निघून गेलात, म्हणून हे लिहिते आहे. आता मध्येच "थांब की गं, माझं ऐक आधी" म्हणायला तुम्ही नाही. आज माझं ऐका.

तुम्ही हॉस्पिटलात यायला लागलात तेव्हा मी तुम्हाला ओळखतही नव्हते. अक्कलकोट रोडला तुमचा दवाखाना होता, तीसएक वर्षांचा, एवढंच ऐकून होते. ट्रस्टनं एक्स-रेच्या शेजारची कोपऱ्यातली खोली आयुर्वेदाला दिली आणि आठवड्यातून दोन दुपारी तुम्ही तिथं बसायला लागलात. कुणी पेशंट पाठवायचं नाही. आम्ही केमोच्या डे-केअरमधल्या नर्सेस तर त्या खोलीकडं बघायचोही नाही. सरांचा नियम होता, केमो चालू असताना बाहेरचं काही चालणार नाही. सर म्हणजे आमचे कॅन्सरचे डॉक्टर, निंबाळकर सर. त्यांचा आवाज चढला की अख्खा वॉर्ड गप्प व्हायचा.

आपली ओळख गंगूबाईंमुळे झाली. मंद्रूपच्या गंगूबाई, दर तीन आठवड्यांनी एस.टी.नं यायच्या, आणि दर वेळी वजन घटलेलं असायचं. हातात फाईलची पिशवी, आणि दुसरी एक पिशवी पायाशी, पदरानं झाकलेली.

"मावशी, बाहेरचं काही औषध घेत नाही ना?" मी नेहमीसारखं विचारलं.

"न्हाय गं बाय."

"मग त्या पिशवीत काय आहे?"

"भाकरी हाय."

पायाचा धक्का लागला आणि भाकरी काचेसारखी खणखणली. तुम्ही दारातून चालला होता. थांबलात, स्टूल ओढून त्यांच्या अगदी जवळ बसलात, आणि त्यांच्या कानडी-मराठीत विचारलंत, घरी सकाळी उठल्यापासून काय काय घेता ते सांगा. बाईंनी सगळी पिशवी मांडीवर रिकामी केली. तीन बाटल्या, काळ्या गोळ्यांची पुडी, आणि कुणीतरी लिहून दिलेली खाण्याची यादी. दूध नको, डाळ नको, भाकरी नको. महिनाभर बाई फळांच्या रसावर होत्या. वर आम्हालाच विनवत होत्या, "डाक्टरास्नी सांगू नगा. लई वरडत्यात."

मला वाटलं, आता तुम्ही तुमची चौथी बाटली द्याल. तुम्ही तीनही बाटल्या बाजूला ठेवल्या, यादी फाडली आणि म्हणालात, "उद्यापासून भाकरी, वरण, ताक. दुसरं काही नाही. माझंही काही नाही." एक वैद्य औषधं काढून घेतो आहे हे मी पहिल्यांदा बघितलं. बाहेर आल्यावर मला ओरडलात मात्र. "तू काय विचारलंस तिला? घेत नाही ना? 'ना' लावलंस तिथंच उत्तर देऊन टाकलंस की. माणूस 'नाही'च म्हणणार."

त्यातून तो कागद आला. एकच पान. वरच्या भागात सलाईन, इंजेक्शन, गोळ्या. खाली काढा, चूर्ण, तेल, कुणी दिलेला अंगारासुद्धा. मग खाणंपिणं आणि उपास. मग श्वासाचे व्यायाम, मालिश, झोप. पेशंट जे जे करतो ते सगळं एका पानावर, आणि ते पान त्याला बघणाऱ्या प्रत्येकानं वाचायचं. एवढी साधी गोष्ट, आणि तिच्यासाठी आपण किती दारं ठोठावली. सर पहिल्या दिवशी म्हणाले, "हा कागद माझ्या फाईलमध्ये नको. तिथं काढा लिहिलेला असेल आणि उद्या काही झालं तर माझ्यावर येईल."

तुम्ही विचारलंत, "आणि आज न लिहिता जे होतंय, ते कुणावर येतंय सर?"

सर चिडले. पण पुढच्या आठवड्यात त्यांनीच निरोप दिला की गुरुवारी दुपारी पंधरा मिनिटं बसू. आपण तिघं, ते लोखंडी टेबल, तीन कप चहा. सुरुवातीला प्रत्येक कागदावरून भांडण. सर म्हणायचे, "या चूर्णात नेमकं काय आहे ते सांगा, नाहीतर बंद." तुम्ही कितीतरी वेळा स्वतःच म्हणालात, "मलाही माहीत नाही, बंद." मग त्यांचाही सूर हळूहळू खाली आला. मळमळीला आल्याचा तुकडा चालेल. पायाची बोटं बधिर झालेल्यांना तेल लावून द्यायला हरकत नाही. सुई टोचायच्या आधी तुम्ही श्वास मोजायला लावायचात, त्यानं बायकांच्या शिरा सापडायला लागल्या, हे तर सरांनी स्वतः बघितलं. गंगूबाई वजन वाढवून आल्या त्या दिवशी सरांनी तुम्हाला, "मॅडम, तुमचं ताक लागू पडलं," म्हणून सांगितलं. तुम्ही दिवसभर ते वाक्य सगळ्यांना ऐकवत फिरलात.

आणि माझी आई. तुमचे उपकार मोजायला लागले तर तिथून मोजावे लागतील. जन्मभर विड्या वळून तिची छाती भरलेली. दम लागायचा, श्वासाचा पंप दिला होता, पण तिला कुणीतरी सांगितलं होतं की पंपाची सवय लागते. मी नर्स असून माझं ऐकायची नाही. तुम्ही आमच्या घरी आलात. ती तेलुगूत बोलत होती, तुम्ही कानडीत, मध्ये मराठी, आणि दोघींना सगळं समजत होतं. तिनं विचारलं, "आयुर्वेदातलं द्या, पंप सोडते." तुम्ही तो पंप तिच्या हातात ठेवलात आणि म्हणालात, "अम्मा, पंप आधी. माझं नंतर. पंप सोडलास तर माझ्याकडं यायचं नाही." आजही ती पंप घेते. तुम्ही गेल्याचं कळल्यावर दिवसभर तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही, पण पंप घेतला.

म्हणून तर कळत नाही अक्का. दुसऱ्याच्या आईला असं सांगणारी बाई स्वतःच्या वेळी अशी कशी वागली?

तुमचं पोट फुगायला लागलं तेव्हा पहिल्यांदा तुम्हीच म्हणालात, सोनोग्राफी करूया. अंडाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनआधी केमो द्यायचं ठरलं. तुम्ही जराही आढेवेढे घेतले नाहीत. ज्या खुर्च्यांमध्ये आपण लोकांना बसवायचो त्यातल्याच एका खुर्चीत येऊन बसलात आणि मला म्हणालात, "विजू, शीर नीट बघ गं, माझी शीर लाजाळू आहे." अण्णा, तुमचे यजमान, रेल्वेच्या कुर्डुवाडी वर्कशॉपमधून रिटायर झालेले, तुम्हाला घेऊन यायचे आणि घेऊन जायचे. येताजाता मला नमस्कार करायचे, मी "कसे आहात अण्णा?" म्हणायचे, आणि तेवढंच.

त्या गुरुवारी टेबलावर तुमचा स्वतःचा कागद होता. तुमच्याच सुबक अक्षरात भरलेला. काढा, चूर्ण, या रकान्यात तुम्ही लिहिलं होतं, "काही नाही." सर हसले. "वैद्यांच्या कागदावर काढा नाही?"

तुम्ही म्हणालात, "वैद्यांनाही पथ्य असतं सर."

आम्ही तिघंही हसलो. ते हसणं आता मला सहन होत नाही.

तिसऱ्या केमोनंतर तुमचा लिव्हरचा रिपोर्ट बिघडला. थोडाथोडका नाही, केमो थांबवावी लागली इतका. सर चक्रावले. काविळीच्या सगळ्या तपासण्या झाल्या, पुन्हा सोनोग्राफी झाली, गोळ्या एकेक करून बंद केल्या, पुण्यातल्या दोघा डॉक्टरांशी ते फोनवर बोलले. तुमच्याच समोर बसून ते म्हणाले, "मॅडम, कारण सापडत नाहीये." तुम्ही मान हलवलीत. "बघूया सर," म्हणालात. बघूया!

मी रविवारी सकाळी तुमच्याकडं आले, आईनं दिलेले डाळीचे लाडू घेऊन. मागच्या दारानं आले, नेहमीसारखी. तुम्ही स्वयंपाकघरात उभ्या होता, हातात स्टीलचा पेला, आणि घरभर तो कडू वास. तीन वर्षं मी तुमच्या खोलीत येत-जात होते, मला वास कळणार नाही?

"अक्का, हे काय?"

"काढा."

"कधीपासून?"

तुम्ही पेला खाली ठेवलात. "पहिल्या केमोपासून."

मग तुम्ही सांगितलंत. तुमच्या गुरूंच्या वहीतला औषधाचा योग होता, सात वनस्पतींचा. तुम्हाला त्यातलं एकूणएक माहीत होतं. तुमचा त्यावर विश्वास होता. मी म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं. सरांना नव्हतं. मला नव्हतं. कागद कशासाठी काढला मग आपण?"

"तीस वर्षं लोकांना दिलं विजू. स्वतःला एकदाही द्यायचं नाही?"

"द्या की. पण लिहून द्या. कदाचित सर म्हणाले असते केमोच्या आठवड्यात नको, नंतर घ्या. कदाचित म्हणाले असते अजिबात नको. पण कळलं तर असतं."

तुम्ही जे उत्तर दिलंत ते मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. तुम्ही म्हणालात, "मी लिहिलं असतं ना, तर सर म्हणाले असते, बघा, यांचीच वैद्यबाई ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद बंद केला असता. मग मंद्रूपच्या त्या बाईचं काय? बाकीच्यांचं काय?"

म्हणजे कागद टिकावा म्हणून तुम्ही कागदावर खोटं लिहिलंत. किती वेळा मनात घोळवते हे वाक्य, आणि दर वेळी तुमचा राग येतो. तेवढ्यात हेही आठवतं की सर खरंच तसं बोलले असते. मग त्यांचा राग येतो. आणि मग माझा येतो. कारण तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "आजपासून बंद करते. रिपोर्ट खाली आला की मी स्वतः सांगते सरांना. तोवर तू बोलू नकोस. शपथ आहे तुला." आणि मी, वीस वर्षं नोकरी केलेली नर्स, गप्प बसले. त्या खुर्चीत दुसरी कुणीही बाई असती तर मी पाच मिनिटांत सरांच्या केबिनमध्ये गेले असते. तुम्ही होता म्हणून गेले नाही. प्रेमापोटी म्हणा, भीतीपोटी म्हणा. पेशंटच्या दृष्टीनं दोन्हीचा परिणाम एकच.

रिपोर्ट खाली आला, पण त्याला पाच आठवडे गेले. तेवढ्यात पोटात पुन्हा पाणी भरलं. ऑपरेशन पुढं गेलं, मग त्याचं नावच निघेना. सरांनी दुसरं औषध सुरू केलं, ते तुम्हाला झेपलं नाही. मी रोज विचारायचे, "सांगितलं का?" तुम्ही म्हणायचात, "आज सर घाईत होते." "आज त्यांचा मूड नव्हता." अहो अक्का, गंगूबाईही हेच सांगायच्या! शेवटच्या आठवड्यात मी चिडून म्हणाले, "मग मी सांगते." तुम्ही तोंड फिरवून भिंतीकडं बघत राहिलात. दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी तुम्हाला शुद्ध नव्हती.

मी तुम्हाला सॉरी म्हणाले नाही, तुम्हीही म्हणाला नाहीत. पाय मात्र चोळून दिले मी, तुम्हीच शिकवलं होतं तसं, तेल कोमट करून, टाचेपासून वर. ते तुम्हाला कळलं की नाही, मला माहीत नाही.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सिस्टर, पाच आठवडे मी कारण शोधत होतो." आवाज चढला नव्हता, तेच वाईट वाटलं. "मला का नाही सांगितलं त्यांनी?"

मी म्हणाले, "कारण तुम्ही कागद बंद केला असता."

ते "असं कसं..." म्हणून थांबले. चष्मा परत डोळ्यांवर चढवून म्हणाले, "केला असता बहुतेक." मग मला विचारलं, काढा एवढंच कारण होतं का? मी म्हटलं, ते मला कसं कळणार सर? त्यांनाही नक्की सांगता येईना. केमोनंही लिव्हर बिघडतं, दोन्ही मिळूनही बिघडलं असेल. आता कुणालाच सांगता येणार नाही, कारण वेळच्या वेळी कुणी लिहिलं नाही.

आणि तुमच्या खोलीचं काय झालं ऐका. तिला नवी पाटी लागली आहे, समग्र उपचार केंद्र. दारावर पद्मासनात बसलेल्या बाईचं चित्र, आत मंद संगीत, एक मुलगी संगणकावर नाव विचारते. गुरुवारची बैठक बंद आहे. "मॅडम नाहीत, तर आता कशाला?" असं ऑफिसनं कळवलं. कागदांचा गठ्ठा मी माझ्या कपाटात आणून ठेवला आहे. मी एकटीच पेशंटना विचारते, एकटीच भरते, आणि सरांच्या टेबलावर नेऊन ठेवते. ते वाचतात, एवढं खरं. कधी कधी खाली सहीही करतात. फाईलला लावायला मात्र अजून परवानगी नाही.

काल मी अण्णांना भेटायला गेले. दहा दिवस हिंमत होत नव्हती. पुढच्या खोलीत सतरंजीवर ते एकटेच बसले होते, लेक-जावई बाजारात गेले होते. त्यांनी मला पाणी दिलं. मग ते खाली बघत म्हणाले, "एक विचारू का विजू? त्या काढ्यानं काय झालं का तिला? सभेत कुणीतरी कुजबुजत होतं."

"अण्णा, तुम्हाला माहीत होतं?"

"म्हंजे काय? मीच उकळत होतो की रोज सकाळी. ती म्हणायची, अहो, चार पेल्यांचा एक पेला झाला पाहिजे, घाई करायची न्हाय. मी घड्याळ बघत उभा राहायचो गॅसपाशी."

"मग सरांना, मला, कधी बोलला का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. खरोखरच गोंधळलेल्या माणसासारखं. "मी कशाला बोलू? तुम्ही शिकलेली माणसं. दर गुरुवारी तिघं बसायचात. मला वाटलं, तुमचं सगळ्यांचं मिळून ठरलंय. एक दिवस म्हणाली, आता काढा नको. तवाबी वाटलं, तुमचंच ठरलं आसंल."

मी त्यांच्यापासून काही लपवलं नाही, अक्का. निदान तेवढं तरी केलं. आजार मोठा होता, त्यानंच तुम्ही गेलात, असं सांगितलं. काढ्यामुळं पाच आठवडे वाया गेले असावेत हेही सांगितलं. ते आठवडे मिळाले असते तर काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही, असंही सांगितलं. तुमचा यात काही दोष नाही अण्णा, असं तीन वेळा म्हणाले. ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं. हाताचे तळवे गुडघ्यांवर ठेवून ते बसून राहिले.

मग म्हणाले, "कुणी इचारलं आसतं तर लगेच सांगितलं आसतं की गं. मी तर दर येळंला तितंच, बाहेर बाकावर बसलेला आसायचो."